ठसका लागला त्या दिवशी

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे, मित्रांनो. काठ जरा चेपलाय, पण पुण्याच्या स्वयंपाकघरात माझा मान मोठा होता. शोभनाआजींच्या आमटीला उकळी आली की चमचाभर माझ्यात यायची. गुणवंतआजोबा ती चाखायचे आणि मीठ हवं की गूळ, ते सांगायचे. त्यांचा शब्द शेवटचा.

मग आजोबांना ताप आला. ताप गेला, पण चव आणि वास परतलेच नाहीत. हे फक्त आजींना माहीत होतं, आणि मला. मुलगा सुजीत दोघांना अबू धाबीला, अल रीम आयलंडवरच्या घरी घेऊन आला. तिथे मी ड्रॉवरमध्ये मागे पडून राहिले. आजोबा घड्याळ बघून जेवायचे. सूनबाई ईश्वरीने विचारलं की "छान झालंय" म्हणायचे.

नोव्हेंबरात सुजीतच्या ऑफिसातल्या मरियमने सगळ्यांना डोंगराकडच्या आपल्या शेतावर बोलावलं. तान्ह्या वरदचा मऊ भात कालवायला ईश्वरीने मला पिशवीत टाकलं, म्हणून मला ते बघायला मिळालं. नुसत्या दगडांत उभी असलेली ऑलिव्हची झाडं! वारा आला की पानं उलटायची आणि सगळा मळा चांदीचा व्हायचा. मरियमची आई जॉर्डनची. लग्न होऊन येताना तिने माहेरची रोपं आणली होती. इथे जगणार नाहीत, असं सगळे म्हणाले होते. ती रोज बादलीने पाणी घालत राहिली.

त्याच सकाळी काढलेलं तेल चाखायचं होतं. चाखायचे पेले निळे होते, रंग बघून कुणी तेलाला आधीच नावं ठेवू नयेत म्हणून. पण पेले सहा आणि माणसं सात. आजोबा म्हणाले, मला नको. आजींनी मला पिशवीतून काढलं, ओढणीने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मी आजवर शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल पाहिलेलं. हे हिरवंगार होतं, जिवंत असल्यासारखं. पेला तळव्यावर धरून, वरून हाताने झाकून तेलाला ऊब द्यायची. मग घोट घेऊन मोठ्याने भुरका मारायचा. भुरक्यावरून घरी रोज बोलणी खाणारी नात सृष्टी एकदम खूश झाली. "आजोबा, लाउडर!" म्हणाली.

सुजीतने तोंड वाकडं केलं. कडू आहे, खराब झालंय वाटतं, असं तो हळूच ईश्वरीला म्हणाला. मरियम हसली. घशात जाळ होणं, ठसका लागणं हीच ताज्या तेलाची खूण, असं तिने हिंदीत सांगितलं.

तेवढ्यात आजोबांनी भुरका मारला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते खोकले, पुन्हा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. आजी घाबरून पुढे झाल्या.

"अहो, लागलं का?"

आजोबांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"हो शोभना," ते म्हणाले. "लागलं. तिखट लागलं."

मग आठ महिने लपवलेली गोष्ट आजोबांनी सगळ्यांना सांगितली. वास अजून नाही, चवही नाही, पण घसा जागा आहे, म्हणाले. मरियमच्या आईला भाषा कळली नाही. तिने फक्त माझ्यात आणखी थोडं तेल ओतलं.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा, हे तर सांगेनच. पण तुमच्या घरात कुणी गप्प जेवून नुसतं "छान" म्हणत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. आणि काय लागतंय, ते एकदा खरंखरं विचारा.