मापाची पट्टी

“ताई, बघतेयस ना? की लागली डुलकी?”

“बघतेय गं. चालू दे तुझं.”

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ठेवून धाकटी भिंतीवर चित्रं दाखवत होती. उद्या विद्यापीठात तिचं निवडीसाठीचं व्याख्यान. कायमच्या प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती, आणि तीही नेमकी ताईच्या विभागात. तिथे ताई कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. अर्ज तिनंही केला होता, पण तिला मुलाखतीला बोलावलंच नाही. “तुम्ही काय, घरच्याच!” विभागप्रमुख हसून म्हणाले होते. घरच्या माणसाला पगार कोण देतं?

धाकटी बाहेर शिकून आली. बोलणं गोड, राहणं नीटनेटकं, आणि नशीब असं की पाचही बोटं तुपात. ताईच्या पोटात दुखत होतं. हा मत्सर आहे हे तिला चांगलं कळत होतं, पण कळून पोटदुखी थोडीच थांबते.

मुळाच्या पेशींचा फोटो आला आणि ताई सावरून बसली. कोपऱ्यातली मापाची पट्टी, म्हणजे फोटोतली लांबी खरी किती हे सांगणारी रेघ, चुकली होती. धाकटीनं सूक्ष्मदर्शकाचं भिंग बदललं होतं, पट्टी मात्र जुन्या भिंगाचीच राहिली होती. त्या मापानं एकेक पेशी दहापट मोठी ठरत होती. पहिल्या वर्षाच्या पोरांनी हे केलं की ताई त्यांना वर्गात उभं करायची.

“कसं झालं?”

“छान.”

“खरं सांग हं.”

“छानच झालंय. आटप आता, आईला जेवायला वाढायचंय.”

दुसऱ्या दिवशी ताई सभागृहात शेवटच्या रांगेत बसली. फोटो पडद्यावर आला तशी तिनं मान खाली घातली. आता कुणीतरी विचारणार. विभागप्रमुखांनी हात वर केला. पंखा जरा कमी करा म्हणाले. बाकीचे माना डोलवत होते. पुढचा फोटो आला, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी टाळ्या पडल्या.

म्हणजे ती चूक दिसणारी त्या सभागृहात ताई एकटीच होती. आणि ताईला कुणी काही विचारत नव्हतं.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. “जागा घरातच राहिली की, ताई,” विभागप्रमुख म्हणाले. तिनं हसून मान हलवली आणि प्रयोगशाळेत जाऊन भिंगं पुसायला घेतली. जळून खाक व्हावं असं वाटत होतं, आणि हसावंसंही.

धाकटी आली, स्टुलावर टेकली.

“ताई, ती पट्टी चुकली होती.”

ताईचा हात थांबला. “मग?”

“सरांना आत्ताच सांगून आले. त्यात काय एवढं, म्हणाले.”

“तुला कधी कळलं?”

“बोलता बोलताच. फोटो पडद्यावर मोठा झाला तेव्हा. पुढे बोलू की थांबू, कळेना गं. म्हणून तुझ्याकडे बघितलं.”

ताईनं भिंग उजेडाकडे धरलं.

“तू खाली बघत होतीस,” धाकटी म्हणाली. तिनं पर्स उचलली. “चल, आई वाट बघत असेल.”

“तू हो पुढे. आलेच मी.”

धाकटीची पावलं जिन्यावरून उतरत गेली. ताईनं हातातलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं. ते मघाशीच स्वच्छ झालं होतं.