गोळीतला ळ

बाईंनी भिंतीवरचं पोस्टर काढलं, फिरवलं आणि तसंच, खाली डोकं वर पाय करून, पुन्हा टाचलं. पहिल्या वर्षाच्या वर्गात खसखस पिकली. जिचं पोस्टर होतं ती मुलगी मात्र मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसली.

“आता वाचता येत नाही ना? मग नुसतं बघा,” बाई म्हणाल्या. “पोस्टरचं वजन कुठल्या बाजूला पडतंय?”

मागच्या बाकावरून कुणीतरी भीत भीत डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. उत्तर बरोबर होतं. एरवी बाईंनी एवढ्या धाग्यावर सगळा तास विणला असता, पण त्यांचा एक डोळा घड्याळावर होता. दुपारी रुग्णालयात नमुने दाखवायचे होते आणि पाकिटं अजून दुमडायची राहिली होती. तास संपायच्या आतच त्यांनी मुलांना काम नेमून दिलं आणि पिशवी उचलली.

दारातच प्राचार्य भेटले. विभागप्रमुखपदाबद्दलचं उत्तर संध्याकाळपर्यंत हवं आहे, याची त्यांनी फार सौम्यपणे आठवण करून दिली. बाईंनी मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचा दिवस कित्येक वर्षं असाच मधोमध फाटलेला होता. सकाळी कॉलेज, दुपारनंतर चष्म्याच्या दुकानावरची भाड्याची खोली. कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे तास असेल तेवढ्यापुरत्या. खोलीत त्या पुस्तकांची मुखपृष्ठं, डब्यांची वेष्टनं, दुकानांच्या पाट्या करत. कॉलेजातले सहकारी त्यांची ओळख ‘या बाहेर काम करतात’ अशी करून देत, आणि बाहेरची गिऱ्हाइकं ‘या शिकवतात’ अशी. दोन्ही वाक्यांत किंचित आंबट चव असे. शिकवताना त्यांचा जीव छापखान्यात अडकलेला असे, आणि छापखान्यात रंग जुळवताना, सकाळी एखाद्या पोरीला आपण उगाच तोडून बोललो का, ही रुखरुख. सासूबाईंनी याचं निदान केव्हाच करून ठेवलं होतं.

“दोन्ही घरचा पाहुणा उपाशी,” त्या म्हणत, आणि हे म्हणता म्हणताच सुनेच्या ताटात आणखी वाढत.

प्रमुखपदाची अट साधी होती. दिवसभर कॉलेज, बाहेरचं काम पूर्ण बंद. आधीचे प्रमुख खुर्चीत कधी सापडतच नसत, म्हणून ही अट आली होती. बाईंना ती रास्त वाटत होती, अडचण तीच होती. शेवटी त्यांनी मनाशी एक पळवाट काढली. रुग्णालयाचं काम मिळालं तर प्रमुखपद नाकारायचं, नाही मिळालं तर स्वीकारायचं. निर्णय आपण घेतला नाही असं म्हणायची सोय त्यात होती.

काम लहान दिसणारं, पण मोलाचं होतं. रुग्णालयाच्या औषधखिडकीतून रुग्णांना कागदाच्या छोट्या पाकिटांत गोळ्या देत. वयस्कर माणसांची सकाळची आणि संध्याकाळची पाकिटं अदलाबदल होत. एक आजोबा चक्कर येऊन जिन्यात पडले, तेव्हापासून तिथल्या मुख्य डॉक्टरांनी हा विषय लावून धरला होता. त्यांनी दोघा डिझायनरांकडून नमुने मागवले होते.

दुसरं कोण, ते बाईंना बाहेरच्या बाकावर कळलं. त्यांना पाहताच समोरची तरुणी ताडकन उठून उभी राहिली. बाईंच्या वर्गात असताना ती एका जागी कधी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आता तिची स्वतःची कचेरी होती, हाताखाली माणसं होती, पण उभं राहायची सवय तीच होती.

“मॅडम, तुम्ही आहात हे मला आत्ता कळलं,” ती म्हणाली. मग जरा घुटमळून, “मी नाव मागे घेऊ का?”

“म्हणजे मी हरेन असं वाटतंय तुला.”

बाईंना हे हसत म्हणायचं होतं. हसू वेळेवर आलं नाही. भिंगरी बसली, आणि मग दोघींनीही समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याबद्दलचा फलक फार लक्षपूर्वक वाचला.

डॉक्टरांना भाषणं नको होती. त्यांनी तपासणीसाठी आलेल्या काही वृद्धांना एका खोलीत बसवलं होतं. त्यांच्यापुढे टेबलावर पाकिटं ठेवायची आणि संध्याकाळचं उचला म्हणायचं, एवढीच परीक्षा. आधी बाईंची पाकिटं मांडली. सकाळचं फिकट केशरी, संध्याकाळचं धुरकट निळं, अक्षरं रेखीव, चहूबाजूंनी मोकळी जागा. डॉक्टरांच्या तोंडून “सुरेख” असं निघून गेलं. मग एका आजोबांनी चष्मा लावला, पाकीट खिडकीकडे धरलं, दुसरं धरलं, पुन्हा पहिलं धरलं. त्यांनी बरोबरच उचललं, पण उचलण्याआधी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून घेतलं. एका आजींनी बेधडक चुकीचं उचललं.

भिंगरीची पाकिटं ओबडधोबड होती. रंग भडक, अक्षरं तर एखाद्या परिपत्रकातली वाटावीत. पण संध्याकाळच्या पाकिटाचा एक कोपरा तिने कापून टाकला होता. आजोबांनी या वेळी चष्म्याला हातही लावला नाही. शेजारच्या माणसाशी गुडघ्यांविषयी बोलत बोलत त्यांनी बोटांनी कोपरा चाचपला आणि पाकीट वर धरलं. आजी तर म्हणाल्या की हे दिवे गेले तरी सापडेल.

डॉक्टरांनी वेगळं काही जाहीर केलं नाही. त्यांनी भिंगरीला खुर्ची दिली आणि छपाईला किती दिवस लागतील ते विचारलं. बाई आपली पाकिटं गोळा करू लागल्या. कडा चुरगळू नयेत म्हणून त्या एकेक नीट सपाट करून पिशवीत ठेवत होत्या. आता ती चुरगळली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं, हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

भिंगरीने त्यांना जिन्यात गाठलं. अभिनंदन बाईंनी आधीच केलं होतं, अगदी मनापासून. तरी बोलताना त्यांचा हात कठड्यावर नुसता वरखाली फिरत होता.

“अक्षरं मला जमत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे,” भिंगरी म्हणाली. “पाकिटांवरची तुम्ही काढाल? माझ्याकडे येऊन?”

शेवटचे दोन शब्द तिच्या तोंडून निसटल्यासारखे आले. ते दोघींनीही ऐकले.

“सांगते,” बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

ठरल्याप्रमाणे आता प्रश्न उरला नव्हता. काम गेलं होतं, म्हणजे प्रमुखपद घ्यायचं. कॉलेजपर्यंतच्या वाटेवर त्यांनी होकाराची वाक्यंसुद्धा जुळवली. प्राचार्यांनी त्यांना बसवून पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचा चेहरा होकार ऐकायला तयार होता. बाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला, आणि पहिल्या वर्षाचे सकाळचे तास आपल्याकडेच राहतील का, असं विचारलं. फक्त तेवढेच. प्रमुखपद नको.

हे आपण कधी ठरवलं, याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता.

प्राचार्य बराच वेळ बोलले. तास राहतील, पण मग प्रमुख म्हणून जे येतील ते बाईंहून बरेच कनिष्ठ असतील, वेळापत्रक तेच ठरवतील, बाईंना वर्षअखेरीचा अहवालही त्यांच्याकडेच द्यावा लागेल.

“त्यांच्या हाताखाली काम करणं तुम्हाला जड जाईल,” ते म्हणाले.

“सवय करतेय,” बाई म्हणाल्या.

प्राचार्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं, भिंगरीला होकार कळवल्याचंसुद्धा. नवरा ऐकत राहिला. सासूबाईंनी मात्र हिशेब मांडला. इकडे वर चढायचं ते चढली नाहीस, तिकडे स्वतःचं होतं ते सोडून शिष्येकडे निघालीस, मग मिळालं काय? बाई पाणी आणायला उठल्या, आणि तांब्या भरलेलाच आहे हे पाहून परत बसल्या. सासूबाईंनी भाजीचा डाव पुढे केला.

भिंगरीच्या कचेरीत पहिल्या दिवशी सगळे उभे राहिले. बाईंना खिडकीजवळचं मोठं टेबल मिळालं, पाठीला उशी मिळाली, न मागता चहा मिळाला. त्या सकाळचे तास आटोपून येत आणि पाकिटांवरची अक्षरं काढत. सकाळी, संध्याकाळी, जेवणानंतर, एक गोळी, दोन गोळ्या. भिंगरी अधूनमधून खांद्यावरून डोकावे, “छान, मॅडम,” म्हणे आणि निघून जाई. प्रत्येक अक्षराला छान. बाईंना त्या शब्दाने अस्वस्थ व्हायला होई. वर्गात त्या स्वतः ‘छान’ म्हणत ते फक्त जिच्याकडून पुढे काही होणार नाही अशी खात्री पटे तिलाच. खुर्ची मऊ होती, पण त्या पाहुण्यासारख्या कडेलाच बसत.

मग छापखान्यातून प्रत्यक्ष आकारातला नमुना आला. भिंगरी तो हातात धरून दारातच थांबली. आपल्या टेबलाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. अखेर ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, हा ळ परत काढावा लागेल.”

शेजारच्या टेबलांवरचे हात थबकले.

“का?” बाईंनी विचारलं. आवाज थेट वर्गातला निघाला.

भिंगरीने नजर हटवली नाही. “या आकारात त्याच्या दोन्ही गाठी शाईने भरतायत. सकाळी, संध्याकाळी, गोळी, सगळीकडे तोच आहे. म्हाताऱ्या माणसाला तिथे नुसता काळा डाग दिसेल.”

बाईंनी कागद हातभर लांब धरला. तो ळ त्यांचा लाडका होता. त्याचं वळण घोटण्यात त्यांची वर्षं गेली होती. कितीतरी मुखपृष्ठांवर तो मिरवला होता. कागद शाई शोषतोय, छपाई जाड झाली आहे, असं म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. त्यांनी डोळे बारीक केले. डाग दिसत होता.

त्यांनी नमुना टेबलावर ठेवला, चहाचा कप बाजूला सारला आणि कोरा कागद ओढला.

“आणखी काय?”

भिंगरीने एक स्टूल पायाने जवळ ओढलं आणि, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, न विचारता त्यांच्या शेजारी बसली.

“बरंच आहे,” ती म्हणाली.