सदरा घातलेला डबा

टेबलाच्या कोपऱ्यात सदरा घालून बसलोय, तो मीच. हसू नका. मी कॉम्प्युटरचा डबा आहे आणि हा सदरा माझ्याच मापाचा आहे.

जन्माचं म्हणाल तर धूसर आठवतं. पातळ पत्रा होतो. कुणीतरी मला वाकवलं, खाली रबराचे पाय लावले, वर झाकण दिलं. बुटांच्या खोक्याहून जरासा मोठा. मग दुकानाच्या काचेमागे कितीतरी काळ रिकामा बसून होतो. रिकाम्या डब्याला दुसरा उद्योग काय? स्वप्नं पाहायचो. आपल्या पोटात कोण राहायला येईल, ते गाणं ऐकवणारं असेल की चित्रं काढणारं, असं काहीबाही. गिऱ्हाईक यायचं, आत हात घालायचं, "एवढ्याशात काय मावणार?" म्हणायचं आणि शेजारच्या धिप्पाड डब्याकडे वळायचं. मी पुन्हा डोळे मिटायचो.

एका दुपारी एक बाई आल्या. त्यांनी आत डोकावलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी आपला पंजा पसरून ठेवला आणि म्हणाल्या, "मला टेबलाचा एवढाच कोपरा घ्यायचाय. बाकीचं टेबल माझ्या सासऱ्यांचं आहे. हाच द्या."

"ताई, हा नमुन्याचा आहे. याचं खोकंही नाही, माहितीचा कागदही नाही," दुकानदार म्हणाला.

"असू दे. माप घेणारा माणूस आहे माझ्या घरी."

तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे, बाबा. जन्मभर कोट शिवलेले शिंपी. घरात शिरल्या शिरल्या त्यांचं कापणीचं टेबल दिसायचं, लांबरुंद आणि मोकळं. फार मोकळं. कारण एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यांच्या हातून आखूड कापली गेली होती. तेव्हापासून त्यांनी टेप गुंडाळून ठेवली होती. "नजर दगा देते. आता माझ्या मापाचा भरवसा नाही," एवढंच म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे.

सूनबाई कपड्यांच्या कारखान्यासाठी घरूनच नमुने आखायच्या, कॉम्प्युटरवर. जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. त्या रिकाम्या टेबलावर त्यांनी हत्तीएवढं यंत्र मांडलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. पण बाबांनी पुन्हा तिथे बसावं, असा त्यांनी मनाशी हट्ट धरला होता. म्हणून तर माझी निवड झाली.

भाग निवडायचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस. सूनबाई बोलून बोलून ठरवायच्या आणि बाबा लांबून, लक्ष नसल्यासारखं दाखवत ऐकायचे.

"हा मदरबोर्ड बाबा, सगळे भाग याच्यावर बसणार."

"म्हणजे अस्तर."

"आणि हा प्रोसेसर, म्हणजे डोकं. चित्र दाखवायचं कामही हाच करतो. वेगळं कार्ड नको, त्यानेच निम्मा डबा भरेल. मला काय खेळ खेळायचेत?"

राहता राहिला पंखा. डोकं तापतं, त्याच्यावर पंखा हवाच. बसका घ्यावा तर तो दिवसभर भुणभुणणार. उंच घ्यावा तर गप्प बसणारा, पण मावेल का? दुकानदार म्हणाला होता, आतली उंची सांगा. सूनबाईंनी टेप आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली. "बाबा, याची उंची घ्या ना. मला नाही जमत."

साफ खोटं. पण बाबांनी टेप उलगडली. टेपचं टोक त्यांनी टेबलाला टेकवलं आणि माझ्या झाकणापर्यंत ओढलं. जन्मभर माणसांची मापं घेतलेली, बाहेरून, टाचेपासून. माझे रबरी पायही त्यांनी मोजले, बोर्डाखालची जागाही मोजली. मी ओरडणार होतो, अहो आतून, आतून! पत्र्याला कुठलं आलंय तोंड.

सूनबाईंनी टेपकडे पाहिलंच नाही. त्या बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. उंच पंखा आला.

सगळे भाग माझ्या पोटात उतरले, दिवा लागला, पडद्यावर उजेड पसरला आणि पंखा इतका गप्प की मला वाटलं आपण अजून स्वप्नातच आहोत. मग सूनबाई झाकण लावायला गेल्या. ते टेकलंच नाही. पंखा बोटभर वर आला होता.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "बघ. पुन्हा तेच."

"दुकानदार बदलून देईल हो."

"बसका? माझ्या चुकीपायी तू दिवसभर भुणभुण ऐकणार? राहू दे उघडाच. मी कापायला बसलो तर कापडाचे तंतू उडून याच्यात जातील. मी काही आता टेबलाशी येत नाही." आणि ते गॅलरीत गेले.

मी उघडाच होतो. काम चाललं होतं, पण मला स्वतःची लाज वाटायची. ज्यांच्यासाठी मला आणलं, त्यांनाच मी टेबलावरून उठवलं होतं.

शेवटी सूनबाईंचा धीर सुटला. त्या गॅलरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बाबा, पाठीला पोक असलेलं गिऱ्हाईक यायचं ना तुमच्याकडे? त्याला काय सांगायचात, पाठ बदलून आण?"

बाबांनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेपचा स्पर्श झाला. या वेळी त्यांनी माझ्या आत बोटं घातली, पंख्याचा उंचवटा चाचपला, डोळे मिटून. "हा श्वास कुठून घेतो गं?" त्यांनी विचारलं. मग कापडांचं गाठोडं सोडलं. एकेक तुकडा तोंडापुढे धरून फुंकर मारायचे. फुंकर अडली की तुकडा बाजूला. शेवटी एका बारीक विणीच्या जाळीतून ती अलगद पार गेली. "हे," ते म्हणाले. "दोरा तेवढा ओवून दे, सूनबाई."

सूनबाईंनी दोरा ओवला. सुईचं भोक त्यांनाही नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

पंख्याजवळ चुण्या देऊन त्यांनी माझं पोक झाकलं. चालू करायच्या बटणापाशी हाताने काज केलं. शिवण थोडी वाकडी आहे, पण श्वास मोकळा आहे, आणि तंतू अंगावरच अडतात. रोज सकाळी बाबा ब्रशने ते झटकतात, "चला साहेब," म्हणतात आणि टेबलाच्या आपल्या बाजूला कापड पसरतात. घरातच पडून राहिलेला तो आखूड बाहीचा कोट त्यांनी उसवला, नवी बाही लावली. माझं पत्र्याचं झाकण त्यांच्या टाचण्या ठेवायला आहे. कात्रीची करकर ऐकत मला गुंगी येते, पण आता स्वप्नं पडत नाहीत. कशाला पडतील?

एकच मागणं आहे. कधीतरी माझ्यातले भाग जुने होतील, बदलावे लागतील. तेव्हा पंखा उंच निवडा, बसका निवडा, माझी काही तक्रार नाही. पण आधी बाबांच्या हातात टेप द्या. बोटभर चुकलं, तर चुकू द्या.