उजेड होता का

पाक विर्योंनी दोरी हळूहळू सोडली, तसा उंच बांबूच्या टोकावरचा पिंजरा झुलत खाली येऊ लागला. आत होला डोळे अर्धे मिटून बसला होता. पिंजरा छातीपर्यंत आल्यावर त्यांनी दोरीचे दोन वेढे खुंटीला दिले आणि होल्याकडे बघतच विचारलं,

"म्हणजे महिनाअखेर बंद?"

"सर्व्हरच बंद होतोय, पाक," ओट्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांची मुलगी निकेन म्हणाली. "जुनी यंत्रं काढून टाकतायत ते. तुमची वेबसाइट हलवावीच लागणार. आता अशीच परत हाताने बांधायची, की तयार व्यवस्था घ्यायची, एवढं ठरवा."

"तयार, म्हणजे जकार्तात तू लोकांना घालून देतेस ती टोपी."

"टोपी नाही. तासाभरात साइट उभी राहते. बिघडलं तर दुरुस्त करणारे दुसरे, कुलपं सांभाळणारे दुसरे. तुम्ही फक्त मजकूर भरायचा."

"आणि पाच दिवसांचा आठवडा?"

"त्याचीही जोडणी मिळते. कुणीतरी बनवून ठेवलीये. दोन लाख लोक वापरतात."

"दोन लाख," पाक विर्यो म्हणाले. त्यांनी वाटीत दाणे ओतले. "त्यांतल्या किती जणांच्या घरचं माणूस गेलंय?"

निकेनला हसू आलं, पण तिने मान वर केली नाही.

पाक विर्योंनी क्लातेनच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणि एक वापरलेला संगणक आणला, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत एक वेबसाइट लिहून काढली. पपईच्या गरासारखं पिवळं पान होतं ते. वरच्या कोपऱ्यात होल्याचा पुसट फोटो. माणूस गेल्याची तारीख घातली की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा आणि हजारावा दिवस कधी येतो ते पान सांगायचं. सात दिवसांच्या आठवड्यातलं नाव आणि गावबाजाराच्या पाच दिवसांच्या आठवड्यातलं वागेसारखं नाव, दोन्ही मिळून. वीस वर्षं आसपासच्या गावांतून कुणी बोटांवर मोजलं नव्हतं. घरात माणूस गेलं की मशिदीतल्या मोदिनला निरोप जायचा आणि पाक विर्योंच्या पानावर तारीख जायची.

निकेन घरी आली की ते तिला पान दाखवायचे. मागे उभे राहायचे, हात पाठीशी बांधून, तपासनीस वर्गात आल्यासारखे.

"कशी आहे?"

मग ती सांगायची. अक्षरं बारीक आहेत. पिवळा डोळ्यांना लागतो. फोनवर नीट उघडत नाही. ते सगळं वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या खेपेपर्यंत दुरुस्त करायचे. पिवळा तेवढा राहिला.

"शिवाय हा प्रश्न," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "तारीख घातली की तुमचं पान थांबतं आणि विचारतं, सूर्य मावळण्याआधी की नंतर. आधीच लोक रडवेले असतात. त्यात आणखी एक प्रश्न. मेल्याची वेळ कुणाच्या लक्षात राहते, पाक?"

"वेळ कुठे विचारतो मी? उजेड होता का, एवढंच विचारतो. ते राहतं लक्षात."

"एवढं कुणी भरत बसत नाही. लोक पान बंद करून जातात. आमच्याकडे हे मोजलेलं आहे."

पाक विर्यो पिंजऱ्याच्या काड्यांवरून बोट फिरवत राहिले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मग हसले, आणि आत जाऊन होल्याच्या दाण्यांचं रिकामं पाकीट घेऊन आले. पाकिटाच्या मागे पासवर्ड लिहिला होता.

"तू कर, नदुक, पोरी. तुझा रोजचा धंदा आहे."

जेवणाची पानं मांडायच्या आत नवीन साइट चढलीसुद्धा. जुन्या फायली उघडून बघायची गरज पडली नाही. तयार व्यवस्थेत मजकूर ओतला, जोडणी लावली, संपलं. पाक विर्यो मागे येऊन उभे राहिले.

"पांढरं आहे."

"स्वच्छ आहे."

"हो," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

मग आतून इबूने, निकेनच्या आईने, हाक मारली, की तळलेलं तेम्पे गार होतंय आणि बापलेकीला वारा खाऊन पोट भरायचं असेल तर तसं सांगा.

दुसरा दिवस बुधवार होता. संध्याकाळी मशिदीतून बांग झाली, इबूने ओट्यावरचा दिवा लावला आणि पाक विर्यो पिंजरा उतरवायला अंगणात गेले. निकेनला आतून कप्पीची किरकिर ऐकू आली. ती मध्येच थांबली. होला एकदा घुमला. पुन्हा किरकिर येईल म्हणून ती बराच वेळ कान देऊन बसली, आणि नंतर तिला वाटत राहिलं की तो वेळ फार मोठा होता, त्यात एक सबंध ऋतू मावला असता.

पाक विर्यो बांबूच्या बुंध्याशी बसले होते, थकून टेकल्यासारखे. दोरी त्यांच्या मनगटाला गुंडाळलेली होती. म्हणून पिंजरा खाली पडला नव्हता. तो अंगणावर अर्ध्यातच तरंगत होता.

त्यानंतरचे दिवस पाण्याखालून गेले. गुरुवारी सकाळी चाफ्याच्या झाडांखाली माती झाली. माणसं आली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, गोड चहाचे पेले भरले गेले आणि रिकामे झाले. कुणीतरी म्हणालं, दिवस मोजून काढायला हवेत. निकेनने फोनवर पान उघडलं, वडिलांचं नाव घातलं, तारीख घातली. पानाने काही विचारलं नाही. क्षणात उत्तर आलं. तिसऱ्याची प्रार्थना त्याप्रमाणे झाली. कोण आलं, कोण गेलं, ते तिला नंतर आठवेना. सातवा सोमवारी संध्याकाळी होता.

सोमवारी सकाळी शेजारची बू तुमिनाह मोठं पातेलं काखेत घेऊन स्वयंपाकघरात शिरली. आपेमच्या धिरड्यांचं पीठ तिने आदल्या दिवशीच भिजवून ठेवलं होतं. पातेलं टेकवता टेकवता ती म्हणाली,

"नदुक, तुझं ते नवीन पान लई घाईचं आहे गं."

"का?"

"पलीकडच्या वाडीतली माझी नणंद गेली ना शुक्रवारी, तिची तारीख घातली काल. विचारलंच नाही त्याने."

"काय विचारलं नाही?"

"उजेड होता का ते. मी आपली चष्मा लावून बसले, आता विचारेल, मग विचारेल. तर हे उत्तर देऊन मोकळं! पाक विर्योंचं पान कसं, आधी थांबायचं. मला बाई बरं वाटायचं. सांत्वनाला आलेलं माणूस आधी जरा गप्प बसतं ना, तसं."

निकेनच्या हातात नारळाची कवटी होती. ती तिने खाली ठेवली. बुधवारी पाक विर्यो अंगणात गेले तेव्हा बांग झालेली होती. ओट्यावरचा दिवा लागला होता. सूर्य मावळला की पुढचा दिवस सुरू होतो, म्हणून सातवाही आदल्या संध्याकाळी करतात, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाक विर्यो बुधवारी गेलेच नव्हते. ते गुरुवारी गेले होते.

इबू चुलीपाशी केळीची पानं पुसत होती.

"इबू," निकेन म्हणाली. "सातवा आज नाही. उद्या आहे."

इबूचं फडकं थांबलं नाही. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिवा मीच लावला होता की."

"मग बोलला का नाहीत? तिसऱ्यालाही नाही बोललात."

"तू मोजलंस ना. म्हटलं, आताच्या मोजण्यात काही वेगळं असेल." इबूने पुसलेलं पान बाजूला ठेवून दुसरं घेतलं. "तू नवीन पान केलंस त्या रात्री निजताना म्हणाले होते, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

पातेल्यातल्या पिठावर एक बुडबुडा आला आणि फुटला. मग बू तुमिनाहने पदर खोचला.

"बरं, मी सांगून येते घरोघर. पाक विर्यो जन्मभर प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी जाऊन बसायचे आणि आम्हाला लाजवायचे. आता त्यांच्यामुळे सगळ्यांना एक दिवस थांबावं लागलं, फिटंफाट झाली!" दारातून ती परत वळली. "पीठ उद्यापर्यंत जरा आंबेल. आंबू दे. त्यांना आंबटच आवडायचं."

दुपारी निकेन वडिलांच्या टेबलाशी बसली. नवीन पानावर मंगळवार संध्याकाळपासून एकतीस तारखा विचारल्या गेल्या होत्या. त्यांतली एक तिची. उरलेल्या तीस घरांत कुठे दिवा लागला होता आणि कुठे नव्हता, हे कळायला मार्ग नव्हता. तिने तयार जोडणी उघडून प्रश्नासाठी जागा शोधली. रंग बदलायला जागा होती. अक्षरं मोठी करायला होती, जाहिराती लावायलाही होती. थांबून काही विचारायला जागा नव्हती.

मग तिने वडिलांच्या जुन्या फायली पहिल्यांदाच उघडल्या.

ते वहीत लिहायचे तसंच त्यांनी इथेही लिहिलं होतं. ओळींमधून जागोजाग समासातल्यासारख्या टिपा होत्या, ज्या पानावर कुणाला दिसत नाहीत. *हजाराव्याचा हिशोब मोदिन कार्तोंकडून. तीनदा पडताळला.* *इथे फेब्रुवारी फसवतो.* *अक्षर मोठं केलं, नि. च्या सूचनेवरून.* *फोनवर आता उघडतं. नि. ला दाखवणे.* नव्या सर्व्हरला जुनी भाषा अर्धीच कळत होती. सहा ठिकाणी तो अडखळला. निकेन एकेक ओळ हाताने सरळ करत गेली. बाहेर ऊन अंगणभर सरकत होतं. कधी तिला वाटायचं, मागे कुणी हात पाठीशी बांधून उभं आहे, आणि ती वळून बघायची नाही.

प्रश्नाची ओळ शेवटाकडे होती. तिच्यावरही टीप होती.

*हा प्रश्न नि. चा. तिची आजी गेली तेव्हा तिने विचारला होता: दिवा लागला होता, मग आजी आज गेली की उद्या? वय वर्षं आठ. आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काढू नये.*

तिने ती दोनदा वाचली. तिला तो दिवस आठवत नव्हता. आजीच्या पायांवरची बाटिक आठवत होती, पण प्रश्न नव्हता आठवत. ओट्यावरच्या संध्याकाळी काहीतरी सांगायला उघडलेलं तोंड आठवलं, आणि ते हसू.

ऊन उतरता उतरता पिवळं पान परत उभं राहिलं. तिने त्यात एकच ओळ वाढवली: मंगळवार संध्याकाळपासून आजपर्यंत ज्यांनी इथे तारीख विचारली, त्यांनी कृपया पुन्हा विचारावी, चूक आमची होती. मग वडिलांचं नाव घातलं. तारीख घातली. पान थांबलं.

*सूर्य मावळण्याआधी, की नंतर?*

पानाला घाई नव्हती. ते वाट बघत राहिलं. निकेनने खिडकीतून ओट्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. तो अजून लागायचा होता. मग तिने "नंतर"वर बोट ठेवलं.

गुरुवार, वागे. सातवा: मंगळवारी संध्याकाळी.

बांग झाली. आतून इबू आली आणि दिवा लावून गेली. निकेन अंगणात उतरली. तिने खुंटीवरची दोरी सोडवली, मनगटाला एक वेढा दिला आणि पिंजरा हळूहळू खाली घेतला. कप्पी किरकिरत राहिली, शेवटपर्यंत. होला छातीपर्यंत आला, मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला. घराचं दार उघडं होतं. आत टेबलावर पिवळा उजेड पडला होता.

"चांगली आहे, पाक," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्यापासून चांगली होती."