तुटक्या कानाची हरणी

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून वडीगोद्रीच्या गिरिधर गुरुजींनी मला उचलले. गाव हसले. पण रोज सकाळी गुरुजींच्या गळ्यात मिरवणारी मीच असे!

१९५५ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमच्या माळावर हरणांचे कळप होते. शिकारीचे परवाने किती द्यायचे, हे ठरवण्यासाठी जंगल खात्याचे साहेब विचारत होते, "हरणी कितव्या वर्षी आई होते?" रानातल्या हरणीचा जन्म कोण पाहतो? "वर्षातच वितात," असे शिकारी छातीठोकपणे सांगत. लवकर वितात म्हटले की जास्त मारायला मोकळे!

गुरुजी मात्र एका हरणीला ती पाडस असल्यापासून ओळखत होते. कुत्र्याने तिचा कान तोडला होता. ती दोन वर्षांची होत आली आणि तिचे पोट दिसू लागले. आम्ही दोघे काळजीने तिच्यावर डोळा ठेवून होतो.

एके सकाळी ती ज्वारीच्या शेताभोवती घिरट्या घालताना दिसली. पोट उतरलेले, कास दुधाने तटतटलेली, पण पाडसाचा पत्ता नाही. सारखी मान वळवून ती शोधत होती. मी तिला इतके जवळ आणत होते, पण मदत काडीची करता येत नव्हती.

शेतातल्या कुणीतरी पाडस उचलले असणार, हे ओळखून गुरुजी धावतच शेतमालकीण गोजरबाईंच्या झोपडीत गेले. तिथे टोपलीखाली पाडस थरथरत होते.

"आईनं टाकून दिल्तं, गुरुजी! म्हणून उचलून आणलं."

"टाकलं न्हाई, बाई. लपवून ठेवल्तं. आई तिकडं शोधून राह्यली. चला, जल्दी!"

पाडस शेतात जिथे सापडले होते तिथेच परत ठेवून दोघे लांब बांधाआड बसले. किती वेळ हरणी आलीच नाही. माझ्यातून पाहून पाहून गुरुजींचे डोळे शिणले. शेवटी त्यांनी मला गोजरबाईंच्या हाती दिले.

"आली... हुंगून राह्यली... गुरुजी, पिऊन राह्यलं वो!" म्हणत त्या रडू लागल्या.

गुरुजींनी साहेबांना कळवले, या हरणीला पहिले पाडस दोन वर्षांनी झाले. पण एकीवरून कळपाचे सांगता येत नाही, म्हणून आम्ही पुढेही पुष्कळ हिंडलो. आता मी फडताळात धूळ खात पडले आहे, त्याचे वाईट वाटते.

मित्रांनो, रानात एकटे पाडस दिसले तर दया म्हणून उचलू नका. त्याची आई जवळच कुठेतरी उभी असते आणि तुम्ही कधी जाता याची वाट पाहत असते.