सुकेळी संध्याकाळी आत घ्यावीत

प्लासिड सरांनी निवृत्तीनंतर 'हातची विद्या' हे मासिक काढलं, तेव्हा उमेळे गावातली माणसं हसली होती. दोर कसा वळायचा, झावळ्या कशा विणायच्या, हे आता कोण वाचणार? पण गावाशेजारच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारतींमधली मुलं वाचत आणि खरंच करून बघत. सरांना तेवढं पुरे होतं.

एप्रिलच्या अंकात त्यांनी सुकेळ्यांची कृती दिली. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. त्यांची थोरली बहीण कॅथरिन बाय पन्नास वर्षं हे करत होती. लिहिताना तिला विचारावं असं सरांना वाटलंही नाही. जन्मभर डोळ्यांदेखत चाललेलं, त्यात विचारायचं काय? अंक निघाला आणि आठच दिवसांत बायला झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

वाडीतले राजेळीचे शेवटचे दोन घड सरांनी मुलांना करून बघायला वाटून टाकले होते.

आज त्या मुलांपैकी ऋतिका डबा घेऊन आली. झाकण उघडताच आंबूस वास आला. केळ्यांवर हिरवी बुरशी होती.

"सगळ्यांची अशीच झाली, सर. मम्मी म्हणते, तुमचे सर गॅलरीत माशा पाळायला शिकवतात का?"

"ऊन कमी पडलं असेल."

"ऊन? मी तर केळ्यांआधी वाळले!"

सर हसले. "आणि संध्याकाळी आत घेतलीस ना?"

"घेतली ना. तुम्ही लिहिलंय तसंच. पण आत घेऊन करायचं काय?"

सरांचं हसू मावळलं. ऊन कललं की बाय टोपली उचलून आत जायची, दार लोटून घ्यायची आणि बऱ्याच वेळाने हात धुऊन बाहेर यायची. त्या वेळी सर पडवीत मुलांच्या वह्या तपासत असायचे. दारामागे ती काय करते, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

ते डबा घेऊन बायच्या खाटेपाशी गेले. "बाय, संध्याकाळी काय करायचीस गं?"

बायने डाव्या हाताने एक केळं उचललं, दाबलं, हुंगलं आणि कपाळाला आठी घातली. मग चादरीवर बोटं फिरवू लागली.

"कापडात गुंडाळायची?"

मान हलली. नाही.

"पानांत झाकायची?"

पुन्हा नाही. बोटं तशीच, भराभर फिरत राहिली.

"आजी, पुसायची का?" ऋतिकाने विचारलं.

बायने तोंड उघडलं. घशातून नुसता घरघर आवाज निघाला. तिने केळं मुठीत आवळलं, तसा गर बोटांतून चादरीवर उतरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सर तिचा हात पुसत बसले.

"सर, पुढच्या अंकात काय छापणार?"

सरांनी खिशातलं पेन काढलं. 'चूक दुरुस्ती', एवढं लिहिलं. त्याखाली काय लिहायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बायची बोटं अजून चादरीवर हलत होती.