भिंगवाले आजोबा

बाईंनी एकतीस वर्षं विमा कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिली होती. तुमचा दावा मंजूर होणार नाही, हे समोरच्याला फार न दुखवता कसं कळवायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल टाकलं आणि आठवड्यातले तीन दिवस, चार ते सहा, मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ करून घ्यायला लागल्या.

उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची तर त्यांचा एकच कायदा होता. बोट ठेव. उत्तर ज्या ओळीत आहे त्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय त्या ते ऐकूनच घेत नसत. अंदाजपंचे बोलणाऱ्यांवर त्यांचा फार राग. नवा शब्द आला की तो खोलीतल्या एखाद्या वस्तूला लावून दाखवायचा, नाहीतर तो पाठ झाला असं धरायचं नाही.

निबंधापाशी मात्र गाडी अडायची. माझे आजोबा चांगले आहेत, ते माझ्यावर प्रेम करतात, एवढं लिहून मुलं छताकडे बघत बसायची.

"चांगले म्हणजे करतात काय दिवसभर?" बाई विचारायच्या.

छत काही सांगायचं नाही. बाईंना धीर पाच मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला त्या स्वतःच्या वडिलांमधलं काहीतरी काढून द्यायच्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. जेवायला बसले तरी भिंग कपाळावर तसंच. बोटांना तेलाचा वास, खिशात बारीक चिमटा. मुलं सुटलो म्हणून भराभर लिहून घ्यायची. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी, तसं बाई देत गेल्या.

त्या वर्षी टेबलावरच्या चौघांनी वसतिगृहाच्या शाळेतल्या मोफत जागांसाठी 'माझे आजोबा' या विषयावर निबंध पाठवले. त्यातली एक नळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. इथली शाळा सातवीला संपायची. ही जागा मिळाली नाही तर तिने मावशीकडे राहून तिची मुलं सांभाळायची, असं घरात ठरलं होतं. ती कमी बोलायची. बाई बोलायला लागल्या की लिहिणं थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

आठवड्याने वसतिगृहाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. मेजावर चार निबंध ओळीने मांडलेले होते.

"चौघांचेही आजोबा घड्याळं दुरुस्त करतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चौघांच्याही कपाळावर भिंग. एवढी मोठी घड्याळांची बाजारपेठ आपल्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते माझे वडील," त्या म्हणाल्या. "मुलांनी चोरलं नाही. मी वाटलं. शिक्षा करायची तर मला करा."

"तुम्हाला करून काय उपयोग? शनिवारी मुलं इथे, माझ्यासमोर लिहितील. विषय तोच. तुम्ही बाहेर थांबायचं."

तिघांच्या घरी आजोबा होते. बाईंनी त्यांना त्याच संध्याकाळी पिटाळलं. "जा, दोन दिवस त्यांच्याकडे नुसतं बघत बसा." नळवाल्याची मुलगी मात्र जागची हलली नाही.

"मला आजोबाच नाहीत, बाई. दोन्हीकडचे नाहीत."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमचे आवडले होते."

बाईंनी तोंड उघडलं. शेजारचे एक काका होते, पितळी भांड्यांना कल्हई लावणारे, छान शोभले असते. त्यांनी तोंड मिटलं.

"या वेळी मी काही देणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग मी काय लिहू?"

पोरीची जागा आपण घालवली, या भीतीने त्यांना शनिवारपर्यंत अन्न गोड लागलं नाही. शनिवारी त्या शाळेच्या व्हरांड्यात तासभर उभ्या राहिल्या. मुलगी बाहेर आली, बरं गेलं एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

पंधरा दिवसांनी ती दारात आली. जागा मिळाली होती. हातात निबंध होता. मुख्याध्यापिकांनी बाईंना दाखवायला सांगितलं होतं.

बाईंनी सवयीने पेन्सिल घेतली. इंग्रजी साधंच होतं. मला आजोबा नाहीत. आधी लिहिले ते आमच्या बाईंचे वडील. बाई त्यांचं भिंग सांगतात, बोटं सांगतात, खिसा सांगतात. ते दिवसभर घड्याळांकडे बघायचे. शेजारी एक मुलगी उभी असायची. मला वाटतं, त्यांनी मान वर करून तिच्याकडे कधी बघितलं नाही.

बाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"हे कुठे आहे?" त्यांचा आवाज चढला. "मी कधी सांगितलं असं? बोट ठेव."

मुलीने कागदाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"कुठेच नाही, बाई. पण तीन वर्षं तुम्ही त्यांच्याबद्दल सांगताय. त्यांचे डोळे कधी सांगितले नाहीत."

बाईंनी आठवून बघितलं. भिंग आलं. तेलाचा वास आला. जेवणाच्या ताटावर वाकलेलं कपाळ आलं. त्याखाली काही येईना.

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.